टॅमर क्रॅबट्री एकवीस वर्षं गप्प राहिली त्याची गोष्ट

टॅमर क्रॅबट्रीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे क्रॅगडेनातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवऱ्या मुलाचे पुढचे दोन दात खोटे आहेत, हे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला कुणी सांगितलं? टॅमरनं. रविवारी पाद्रीबाबा कशावर बोलणार, हे शनिवारीच गावभर कुणी केलं? टॅमरनं. "मी मुद्दाम नाही हो सांगत," ती म्हणायची, "तोंड उघडलं की आपसूक सांडतं." आणि तोंड तर सदा उघडंच.

तरी गावाला तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती सुईण होती, आणि आमच्या दरीत जी सुईण तीच मेलेल्यांनाही न्हाऊ घालते, डोळे मिटवते, पांढरा सदरा चढवते. येणाऱ्याला पहिली टॅमर दिसायची, जाणाऱ्याला शेवटची. "मधे तुम्ही काय दिवे लावता तेही मला ठाऊक असतंच," असं ती वर म्हणायची, आणि ते खरंही होतं.

चणीनं ठेंगणी, गाल लाल, आवाज गिरणीच्या भोंग्याला भारी. पायात लाकडी तळव्यांचे, खाली लोखंडी पट्टी ठोकलेले जोडे. ते जोडे इलाय मुंगोच्या हातचे. इलाय हा आमचा जोडेवाला. चॅपेलातला सगळ्यात सज्जन माणूस आणि सगळ्यात शिष्टाचारी. कोंबडी आडवी आली तरी टोपी काढून बाजूला होणारा. खोटं बोलायचं म्हटलं तर त्याला घाम फुटायचा. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

आता वाटेचं सांगतो. क्रॅगडेन दरीत खाली, तिथं गिरणी, शाळा, चॅपेल. स्कारटॉप वर डोंगराच्या कडेला, तिथं विणकरांची तीस-चाळीस घरं. मधे सर लायनेलचा माळ. माळावरून जुनी पायवाट, वीस मिनिटांत माणूस वर. गाडीरस्त्यानं वळसा घातला तर दीड तास. सर लायनेलच्या वडिलांनी कधी कुणाला अडवलं नाही, पण ह्या लेकाला रानकोंबड्यांच्या शिकारीचं वेड. माणसांच्या पायरवानं पक्षी बुजतात म्हणे. अठराशे शहात्तर साली त्यानं माळाच्या तोंडाशी फाटक घातलं, फाटकाला कुलूप घातलं आणि सेथ गॉन्ट नावाचा राखणदार बंदूक देऊन उभा केला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, स्कारटॉपच्या सुझॅनाचे दिवस भरले. बोलावणं आलं तेव्हा टॅमर पीठ मळत होती. तशाच पिठाच्या हातांनी निघाली, फाटकाशी आली, तर कुलूप. सेथ कुठं पलीकडच्या अंगाला गेलेला. फाटक आणि त्याच्या दोन्ही अंगांचा दगडी गडगा तिच्या डोक्याइतका उंच, तिला काही चढवेना. तिनं हाका मारल्या, शिव्या दिल्या, मग वळली आणि गाडीरस्त्यानं धावत सुटली. पोचली तेव्हा पोरगी जन्मली होती, पण सुझॅनाचं रक्त थांबत नव्हतं. अर्धा तास आधी आली असती तर थांबवलं असतं, हे टॅमरला माहीत होतं. हे ती कुणापाशी बोलली नाही. तिला जे बोलता आलं नाही असं तोवरचं तेवढंच. पोरीचं नाव हॅना ठेवलं. टॅमर त्या दिवसापासून म्हणायची, "मी डोळे मिटायच्या आत ते कुलूप जायला हवं."

आणि कुलपाशी झगडायला आमच्याकडे माणूस होता. ॲम्ब्रोज केर्शॉ. स्कारटॉपच्या रंगाऱ्याचा मुलगा. सात वर्षांचा असताना त्याच वाटेनं अनवाणी गिरणीत जायचा. पुढे शिकला, बोलायला लागला आणि लिबरल पक्षाकडून पार्लमेंटात गेला. बापाच्या निळीच्या हौदात लहानपणी हात बुडवून त्याची नखं जन्मभर निळी राहिली होती. पहिल्याच भाषणाला समोरचे बडे लोक ती नखं बघून हसले, तर ह्यानं दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाला, "हाच रंग तुमच्या कोटांना शोभतो, मग माझ्या नखांनी काय घोडं मारलंय?" गिरणीत जाणाऱ्या पोरांना शाळा हवी, विणकराला मालकाच्या डोळ्यांआड मत देता यायला हवं, अशा गोष्टींसाठी जे थोडे लोक वर्षानुवर्षं घसा फोडत राहिले, त्यांत तो एक. बऱ्याच गोष्टी झाल्या. पायवाटांचा कायदा मात्र त्यानं तीनदा मांडला आणि तीनदा पडला. तिकडे सगळे त्याला 'सर' म्हणत. टॅमर त्याला अरेतुरे करी, कारण त्याला पहिली आंघोळ तिच्या आईनं घातली होती.

त्र्याऐंशी सालच्या एप्रिलात ॲम्ब्रोज घरी आला तो मरायलाच. डॉक्टरनं आठवडा सांगितला होता. टॅमर रोज गाडीरस्त्यानं वळसा घालून वर जायची, त्याचं अंथरूण बदलायची, चहा पाजायची आणि गावच्या कुलंगड्या ऐकवायची. हसून हसून त्याला खोकला यायचा. एका दुपारी त्यानं तिला दार लावायला सांगितलं.

"टॅमर, मढं ज्या जागेवरून एकदा नेलं ती वाट कायमची लोकांची होते. खरं ना?"

"हे काय विचारणं झालं? सगळी दुनिया जाणते."

"साफ खोटं आहे. कायद्याची सगळी पुस्तकं उलथून पाहिली मी. कुठं एक ओळ नाही."

टॅमरनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. तिच्या आजीनं सांगितलेलं, चॅपेलातले म्हातारे शपथेवर सांगायचे ते, खोटं?

"पण सेथ गॉन्टला ते खरं वाटतं," ॲम्ब्रोज म्हणाला, "आणि सर लायनेलला तर त्याहून खरं वाटतं. त्याला दूध पाजलं ते क्रॅगडेनच्याच बाईनं. तिनं जे डोक्यात घातलं ते कुठल्या कॉलेजानं काढलेलं नाही. मी परवा जाईन. मला माळावरून न्या."

"नेऊ की. पण कायदाच नाही म्हणतोस, मग उपयोग काय?"

"कायदा मढ्याला ओळखत नाही, पायांना ओळखतो. लोक वीसेक वर्षं वाटेनं उघड चालत राहिले, तर ती वाट लोकांची. अटी तीनच. जबरदस्ती करायची नाही. चोरून जायचं नाही. आणि परवानगी मागायची नाही. एकदा जरी 'जाऊ का साहेब' म्हटलंत तर ती त्याची मेहरबानी ठरते, तुमचा हक्क नाही. समजलं? वीस वर्षं त्यांना वाटू दे की मढ्यानं काम केलं. तोवर पाय आपलं काम करतील. पण ही गोष्ट बाहेर फुटली तर दुसऱ्या दिवशी कुलूप परत लागेल."

"अरे मेल्या, मग मला कशाला सांगितलंस?" टॅमर ओरडलीच. "मला! सबंध दरीत तुला दुसरं कुणी मिळालं नाही?"

"वाटेवर सगळ्यात जास्त तूच असणार," ॲम्ब्रोज निळ्या नखांनी गोधडी चाचपत म्हणाला, "आणि तू काही लपवून ठेवलं असशील, असा संशय कुणाला तरी येईल का?"

शनिवारी तो गेला. टॅमरनं त्याला न्हाऊ घातलं, नखं तेवढी घासली नाहीत.

पेटी रविवारी गाडीरस्त्यानं खाली चॅपेलात आणली, आणि सोमवारी प्रार्थना आटोपून तिथून स्कारटॉपच्या दफनभूमीकडे अंत्ययात्रा निघाली. पुढे बँड, टॅमरचा नवरा जोब त्यात सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकत होता. मागे आठ विणकरांच्या खांद्यावर शवपेटी, तिच्यावर लिबरलांच्या पिवळ्या फिती, आणि त्यामागे दोन्ही गावं. माळावरून न्यायची असं ठरल्याचं टॅमरनं सकाळीच गावभर केलं होतं. तेवढं सांगायला तिला बंदी नव्हती, आणि तिनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

फाटकाशी सेथ बंदूक घेऊन उभा. बँड थांबला. जोबनं वाद्य खाली ठेवून एक धोंडा उचलला. "काढतोच आता हे कुलूप!"

"खबरदार कुलपाला हात लावशील तर!" टॅमर कडाडली. सगळे चाट पडले. सात वर्षं कुलपाला सगळ्यात जास्त शिव्या हिनंच दिल्या होत्या.

मग इलाय पुढे झाला. चॅपेलाचा वडीलधारा म्हणून बोलायचा मान त्याचा. त्यानं टोपी काढली, घसा साफ केला. "मिस्टर गॉन्ट, आपली हरकत नसेल तर आम्ही…"

एवढ्यात टॅमरनं त्याच्या पायावर आपला लोखंडी पट्टीचा जोडा दाणकन हाणला. त्याच्याच हातचा जोडा. इलायच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि पुढचे शब्द घशातच राहिले.

"कुणी काही विचारायचं नाही," टॅमर म्हणाली. "गडग्यावरून घ्या!"

आठ विणकरांनी पेटी डोक्यावर उचलली, पलीकडे चार जण उड्या मारून गेले, आणि ॲम्ब्रोज केर्शॉ दगडी गडग्यावरून अलगद माळावर उतरला. एक दगड हलला नाही. सेथच्या हातात बंदूक होती, पण मढ्याला आडवं जायची छाती कुणाची? त्याची तिन्ही पोरं टॅमरच्या हातची. त्यानं टोपी काढली, पेटी पुढे गेलेली पाहिली आणि वाड्याकडे धूम ठोकली. "गेलं, साहेब, मढं गेलं!" सर लायनेलनं म्हणे हातातला पेला रिकामा केला आणि म्हणाला, "मग आता त्या फाटकाचा काय उपयोग?" मंगळवारी फाटक बिजागऱ्यांवरून उतरलं.

सोमवारी दफनाहून परतल्यावर चॅपेलात लग्नाला असतो तसा थाट. हॅम, गरम ब्रेड, आल्याचा केक, आणि चहाचे हंडेच्या हंडे. लोक रडत होते, हसत होते, पुन्हा वाढून घेत होते. "मेल्यावरसुद्धा काम करून गेला," जो तो म्हणत होता. टॅमर तोंडात हॅम कोंबत होती. तोंड भरलेलं असेल तर काही सांडणार नाही.

पण वीस वर्षं हॅम कोंबून कोण जगतं? पहिलं वर्ष तर भयंकर गेलं. ती पेपरमिंटच्या गोळ्या खाऊ लागली. जीभ खाजवली की एक गोळी. जोब म्हणाला, "बये, तुझे दात जातील." दात गेले. गुपित राहिलं. "ॲम्ब्रोज शेवटी काय बोलला गं?" त्यानं कितीदा विचारलं. "माझा चहा चांगला होतो म्हणाला," ती सांगायची. पुढे जोबही गेला, तो ह्याच उत्तरावर.

वाटेवर मात्र तिनं हुकूमशाही मांडली. दबक्या पावलानं कुणी चाललेलं तिला खपायचं नाही. "चोर आहेस का? मोठ्यानं बोल! गाणं म्हण!" गिरणीच्या पोरी गात जायच्या, म्हातारे भांडत जायचे, आणि रानकोंबड्यांनी केव्हाच दुसरा डोंगर धरला. लोक म्हणायचे, टॅमरला वाटेचा गर्व झालाय. तिला तसं म्हणवून घेणं परवडत होतं.

खरा घोर होता इलायचा. तो दर रविवारी स्कारटॉपला पोरांना बायबल शिकवायला जायचा. सेथ दिसला रे दिसला की टोपी निघालीच, आणि ओठ हलायला लागलेच. म्हणून दर रविवारी टॅमरलाही स्कारटॉपला काहीतरी काम निघायचं. इलाय तोंड उघडायचा, की लोखंडी पट्टी पडायचीच. "अगं बाई, नुसतं बरं दिसतं म्हणून विचारतोय!" तो कळवळून म्हणायचा. "तुझ्या घरात शिरताना शेजाऱ्याला विचारतोस का?" ती म्हणायची. गावात कुजबुज व्हायची की विधवा टॅमरचा इलायवर डोळा आहे. डोळा नव्हता, पाय होता.

एकदा तर जीवच टांगणीला लागला. शाळेत नवा मास्तर आला होता, चश्मेवाला. चॅपेलच्या चहाला सेथ गॉन्टच्या देखत म्हणाला, "शवपेटीनं वाट खुली होते ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. कायद्यात तसं काही नाही." सेथचा कप ओठापाशी थांबला. टॅमर उठली. "ऐका हो ऐका! चार बुकं शिकून आलाय आणि माझ्या आजीला खोटं पाडतोय! पुढच्या रविवारी म्हणेल देवबीव काही नाही!" तिनं त्या बिचाऱ्याला असं सोलून काढलं की सेथसुद्धा हसायला लागला. मास्तर अगदी बरोबर बोलत होता, आणि हे त्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं. घरी गेल्यावर ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरच्या खोलीवर आल्याचा अख्खा केक ठेवून आली.

एकोणीसशे चारच्या वसंतात सर लायनेल वारला. माळ पुतण्याकडे गेला, कॅप्टन रूपर्टकडे. हा लंडनचा. ह्याला दूध कुणी पाजलं देव जाणे, पण क्रॅगडेनच्या बाईनं नक्कीच नाही. त्यानं वकिलाला विचारलं, वकील पोट धरून हसला, आणि फाटक परत बसलं. गाव कोर्टात गेलं.

सुनावणीच्या दिवशी दोन्ही गावं कोर्टात. कॅप्टनचा, पांढऱ्या केसांचा टोप चढवलेला वकील उठला आणि म्हणाला, "माय लॉर्ड, हे लोक म्हणतात की एक प्रेत गेलं म्हणून वाट त्यांची झाली!" न्यायाधीशही हसले. आमची माणसं खाली बघू लागली. आजीआजोबांनी सांगितलेलं एवढं पक्कं, आणि ते भर कोर्टात फुसकं निघावं?

तेव्हा एकाहत्तर वर्षांची टॅमर क्रॅबट्री साक्षीच्या पिंजऱ्यात चढली. तोंडातली पेपरमिंटची गोळी काढून रुमालात गुंडाळली.

"मढ्याचं सोडा साहेब," ती म्हणाली. "ती थाप होती. एकवीस वर्षं ठाऊक आहे मला."

आणि मग एकवीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. जबरदस्ती नाही, चोरी नाही, परवानगी नाही. न्यायाधीश पुढे वाकले. "बाई, हा कायदा तुम्हाला कुणी शिकवला?"

"ज्याच्या कायद्याला तुमच्या पार्लमेंटात तीनदा पाडलं, त्यानं."

टोपवाला मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "एकवीस वर्षं लोक चालत होते, हे कशावरून?"

टॅमर वळली. "स्कारटॉपवाल्यांनो, ज्यांच्यासाठी मी त्या वाटेनं आले, त्यांनी उभं राहा." बाकं करकरली. बावीस जण उभे राहिले. कुणाला मिसरूड फुटलेली, कुणी आईच्या मांडीवरून उतरलेलं. टॅमर बोट दाखवत सुटली. "हा पंच्याऐंशीचा, बर्फात आला. ही सत्त्याऐंशीची, पायाळू. हा एकोणनव्वदचा, कान बापासारखे…"

सगळ्यांत शेवटी सत्तावीस वर्षांची हॅना उठली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. "साहेब, मी ह्यांच्यात बसत नाही," ती म्हणाली. "माझ्या वेळी कुलूप होतं. माझी आई गेली. हिच्या वेळी मलाही तसंच झालं होतं. पण वाट उघडी होती, मावशी वेळेत आल्या. म्हणून मी इथं उभी आहे."

टॅमरनं पहिल्यांदाच बोलणं थांबवून डोळे पुसले.

टोपवाल्यानं शेवटचं हत्यार काढलं. "सर लायनेल उदार होते. त्यांनी परवानगी दिली होती. इतके सभ्य लोक आहात, एकवीस वर्षांत कुणी तरी विचारलं असेलच की!" आणि त्याची नजर पहिल्या बाकावर, टोपी हातात धरून बसलेल्या इलायवर गेली. "आपण? शपथेवर सांगा."

टॅमरनं रुमालातली गोळी परत तोंडात टाकली. इलाय खोटं बोलणार नाही, वाट गेली तरी बोलणार नाही. आणि ती काही प्रत्येक क्षणी त्याच्या बाजूला नव्हती.

इलाय उभा राहिला. "खरं सांगतो साहेब. दर रविवारी मला विचारायचं असायचं. शोभतं तसं. पण दर रविवारी ही बाई माझा पाय चिरडायची. एकदा ती तापानं पडली होती, तेव्हा म्हटलं आज विचारीन. सेथ समोर आला, मी तोंड उघडलं, आणि तिथं कुणी नसताना माझा पाय आपोआप मागे सरकला. शब्दच फुटला नाही. एकदाही विचारलं नाही, साहेब. हवं तर अंगठा दाखवतो."

न्यायाधीशांनी अंगठा पाहायला नकार दिला. पण हसू आवरायला त्यांना रुमाल तोंडाशी धरावा लागला, आणि निकाल काय लागणार हे त्या रुमालावरूनच कळलं. वाट लोकांची ठरली. बाहेर आल्यावर बँडनं पायऱ्यांवरच वाजवायला सुरुवात केली.

"मावशी, एकवीस वर्षं! तुम्ही! गप्प!" हॅना तिला मिठी मारत म्हणाली.

"आता नाही राहायची," टॅमर म्हणाली, आणि परतीच्या सबंध वाटेवर तिनं इतकी वर्षं अडवून धरलेलं गावाला ऐकवलं. मास्तरची तिनं सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, त्या केकवरूनच त्याला संशय आला होता.

पुढची चार वर्षं ती पूर्वीसारखीच सांडत राहिली. एकोणीसशे आठच्या मे महिन्यात गेली. तिला न्हाऊ घातलं हॅनानं, जिला हे काम तिनंच शिकवलं होतं. स्कारटॉपला जोबशेजारी तिची जागा होती, म्हणून आम्ही तिला माळावरून वर नेलं. कायद्याला आता मढ्याची गरज नव्हती. पण तिचा हुकूम होता तसं सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, पोरी गात होत्या. फाटक होतं त्या जागेशी आलो तेव्हा इलाय अचानक थांबला. पंच्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा पुढे झाला, त्यानं टोपी काढली आणि शवपेटीकडे वळला.

"टॅमर," तो म्हणाला, "जाऊ ना आम्ही?"

आणि झटकन पाय मागे घेतला.